लाज, अडचण आणि पिशवी

संस्कृतातली 'लज्जा' मराठीत येताना 'लाज' झाली. 'अद्य'चा 'अज्ज' आणि 'अज्ज'चा 'आज' झाला, त्याच वाटेनं. जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला. अर्थाचा पसारा मात्र मोठा राहिला. नवी नवरी लाजते ती लाज, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही तीही लाज. बुजरेपणा आणि बेअब्रू एकाच शब्दाच्या घरात नांदतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांना या शेजाराची मोठी किंमत मोजावी लागली.

बायका मुळातच लाजाळू, असं म्हणण्याची सोय इतिहास देत नाही. पैठणहून गोदावरी पुढे सरकली की दक्षिण काठाला बीडचा गेवराई तालुका लागतो. याच नदीच्या परिसरातल्या, सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'तल्या बायका आपली इच्छा, रुसवा, चोरटी भेट बिनदिक्कत बोलून दाखवतात. तेराव्या शतकात याच खोऱ्यात चक्रधरस्वामी वावरले. त्यांची शिष्या महदाइसा त्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारी. विटाळाबद्दल स्वामींचं मत सरळ होतं: नाकातून शेंबूड येतो तसाच हाही देहाचा धर्म. सातशे वर्षांनंतरही आपल्याकडे तो देहाचा धर्म 'अडचण' म्हणूनच ओळखला जातो. दुकानदार पॅड कागदात गुंडाळून देतो, तेही याच शब्दाला जागून.

दिवाळीच्या आगेमागे बीडमधली गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोघांतल्या एकानं दिवस चुकवला तरी खाडा लागतो, म्हणजे दंड उचलीत चढतो. राहायच्या कोपीला आडोसा जेमतेम, शौचालय नाही, पाणी दुरून आणायचं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढायचं. अंगावरून जाऊ लागलं तर सांगायचं कोणाला? मुकादम पुरुष, टोळीतली माणसं बरीचशी भावकीतली. मग दुखणं अंगावरच काढायचं.

गावी परतल्यावर ही गप्प बाई खासगी दवाखान्यात गेली, की ठरलेली भीती घातली जाई: गर्भाची पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल. पोरं झालीच आहेत, मग पिशवी हवी कशाला? वर पाळीच गेली की खाडाही वाचला. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. साधारण सहा जणींत एक. देशभरात हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास असताना!

त्यावर 'बायका लाजतात, वेळेवर सांगत नाहीत' असा खुलासा पुढे आला. आमच्या मते हा खुलासाच लबाड आहे. सांगितलं तर उपचार मिळतील असा भरवसा असता, तर त्या बोलल्या असत्या. बोलल्यावर पदरी दंड, कर्ज आणि कुचाळकी येणार असेल, तर गप्प बसणं हा शहाणा हिशेब असतो. त्याला लाजरा स्वभाव म्हणायचं कारण नाही. लाजेच्या दुसऱ्या अर्थाची धास्ती बाईला आहे. ज्यांना ती असायला हवी, ते कारखानदार ऊसतोडणीचे मजूर आपले नव्हेतच, मुकादमाचे आहेत, असं निवांत सांगतात.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं, ओळखपत्रांची मोहीम झाली. आरोग्य शिबिरांत बायकांना 'मोकळेपणानं बोला' असं समजावलं जातं. जाणीवजागृतीला आमची हरकत नाही. पण पाळीच्या दिवशीची सुट्टी खाड्यातून वगळायची, तर करार कारखान्याला थेट मजुराशी करावा लागेल, आणि त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही वेगळं नाव आणि वेगळी मजुरी लिहावी लागेल. आज मुकादमाच्या वहीत ती अर्धा कोयता आहे.