विश्लेषण : तक्रार कंपनीकडे, उत्तर भामट्याचे! समाजमाध्यमांवरील बनावट ‘ग्राहक सेवे’ला लोक का फसतात?

रेल्वेचे तिकीट ‘आरएसी’मध्ये अडकले म्हणून मुंबईतील एका महिलेने ट्विटरवर आयआरसीटीसीकडे विचारणा केली. सोबत तिकिटाचा तपशील आणि मोबाइल क्रमांकही दिला. काही वेळातच ‘ग्राहक सेवे’तून फोन आला. पाठवलेल्या लिंकवरचा अर्ज भरा आणि दोन रुपये जमा करा, असे सांगण्यात आले. त्यानंतर खात्यातून सुमारे ६४ हजार रुपये गेले. जानेवारी २०२३ मध्ये समोर आलेले हे प्रकरण आजही तितकेच बोलके आहे.

भामट्यांना तक्रार सापडते कशी?

एक्स, फेसबुक, इन्स्टाग्रामवरील सार्वजनिक पोस्ट कुणालाही शोधता येते. कंपनीचे नाव आणि ‘रिफंड’ किंवा ‘तक्रार’ असे शब्द टाकले की अडचणीतल्या ग्राहकांची यादीच समोर येते. मग कंपनीचे बोधचिन्ह आणि नावापुढे ‘केअर’ किंवा ‘हेल्प’ जोडलेल्या खात्यावरून उत्तर दिले जाते. लॉटरी लागल्याचा फोन आला तर संशय येतो. इथे मात्र ग्राहक स्वतःच फोनची वाट पाहत असतो. तिकीट कोणते, अडचण काय, हे समोरच्याला माहीत असल्याने तो खरा वाटतो. ती माहिती आपल्याच पोस्टमधून मिळाली आहे, हे घाईत लक्षात येत नाही.

निळी खूण असेल तर खाते खरे का?

तसे नाही. एक्सवर (तेव्हाचे ट्विटर) नोव्हेंबर २०२२ पासून निळी खूण पैसे भरूनही मिळू लागली. संस्थांसाठी सोनेरी खूण आहे, पण ती प्रत्येक कंपनीने घेतलेली नसते. त्यामुळे कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर दिलेल्या दुव्यावरूनच तिच्या खात्यावर जाणे, ही खात्रीची पद्धत.

पैसे नेमके कसे जातात?

कधी बनावट अर्जात कार्डाचा तपशील आणि ओटीपी भरून घेतला जातो. कधी ‘मदतीसाठी’ एनीडेस्कसारखे अ‍ॅप घ्यायला लावून मोबाइलचा पडदा पाहिला जातो. याबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. कधी रिफंडच्या नावाखाली क्यूआर कोड स्कॅन करायला लावून यूपीआय पिन टाकायला सांगतात. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही.

बँक भरपाई देते का?

यातली खरी मेख इथे आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसेल आणि त्रयस्थामुळे गैरव्यवहार झाला असेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाला तोशीस पडत नाही. मात्र ओटीपी, पिन यांसारखी माहिती ग्राहकानेच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. कळवल्यानंतर झालेल्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर येते. म्हणूनच ‘घरच्यांना काय सांगू’ या संकोचात गेलेला एक तासही महागात पडू शकतो.

काळजी काय घ्यावी?

तक्रार जाहीरपणे जरूर करावी. पण मोबाइल क्रमांक, पीएनआर, ऑर्डर क्रमांक किंवा तिकिटाचे छायाचित्र त्यात टाकू नये. उत्तरात आलेल्या क्रमांकावर फोन करू नये. आलेला फोन ठेवून कार्डामागच्या, पासबुकावरच्या किंवा अधिकृत अ‍ॅपमधल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावावा. बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर आहेत, तेही पाहून घ्यावे.

पैसे गेलेच तर?

आधी बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करावे. लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती गोठवता येण्याची शक्यता असते. संभाषणाचे स्क्रीनशॉट, भामट्याचा क्रमांक आणि व्यवहार क्रमांक पुसू नयेत. तपासाची सुरुवात तिथूनच होते.