पासिंग झाले, पण गाडीचा तळ कोणी पाहिला?

सुरतेतील मराठी बंधू-भगिनींनो,

विजेवर चालणाऱ्या रिक्षा, टेम्पो आणि मोटारी यांना आमचा विरोध नाही. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोलीच्या वस्त्यांनी धूर पुष्कळ गिळला आहे. तो कमी होणार असेल तर आम्हाला आनंदच आहे. पण या गाड्यांच्या पोटाखाली जी बॅटरीची पेटी टांगलेली असते, ती कशावर उभी आहे, कोणी आवळली आहे आणि आज तिचे बोल्ट कोणत्या अवस्थेत आहेत, हे विचारणारा या शहरात कोण आहे? हा प्रश्न आम्ही आज जाहीरपणे विचारत आहोत.

पेटी तळाला बसवण्यामागे कारण आहे. वजन खाली राहिले की गाडी वळणावर कलंडत नाही आणि वर बसायला जागा मिळते. चांगल्या कारखान्यात ही पेटी चेसिसला ठरावीक जोराने आवळलेल्या बोल्टांनी जखडतात आणि खालून जाड पत्रा देतात. हे सारे नव्या गाडीचे झाले. पुढे काय? बोल्ट सैल झाला की पेटी हादरू लागते. हादऱ्यांनी कोपरा चिरतो, सील सुटते, केबल पत्र्यावर घासते. आत पाणी शिरले की शॉर्ट होते. लिथियमचा एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. अशी आग विझवताना अग्निशमन दलालाही घाम फुटतो.

हा बागुलबुवा नव्हे. 2013 साली अमेरिकेत टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस मोटारी रस्त्यात पडलेल्या लोखंडी वस्तूंवरून गेल्या, तळाच्या पेटीला मार बसला आणि गाड्या पेटल्या. मार्च 2014 मध्ये त्या कंपनीने तळाला टायटॅनियमची ढाल व ॲल्युमिनियमचे संरक्षण देण्याचे जाहीर केले. तिथल्या गुळगुळीत महामार्गावर ही गत, तर आपल्याकडे काय? जानेवारी 2021 मध्ये आपल्या मेट्रोचे भूमिपूजन झाले आणि त्यानंतर शहरातले किती रस्ते खोदले गेले, हे आपण रोज कंबरेने मोजले आहे. जो गतिरोधक माणसाचा मणका हलवतो, तो बोल्ट हलवणार नाही काय?

आता आपल्या माणसांकडे वळू. ई-रिक्षाला 2014 मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. वेगाची मर्यादा ताशी 25 किलोमीटर, प्रवासी चार. सीटखाली साधारणपणे 12 व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या. त्या थकल्या की मालक कुठल्याशा गाळ्यात जाऊन लिथियमची पेटी टाकून घेतो. रिक्षातला कंस एका मापाचा आणि पेटी दुसऱ्या मापाची. मग थोडे वेल्डिंग, एक अँगल, दोन पट्ट्या आणि खाली टायरच्या रबराचा तुकडा. झाले काम! त्याच गाडीत उद्या आपली लेकरे शाळेला जातात. चालकाला आम्ही दोष देत नाही. त्याच्यावर कर्जाचा हप्ता आहे आणि कोणता बोल्ट किती आवळावा हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

नियम नाहीत असेही नाही. 2022 साली देशात विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या, तेव्हा केंद्र सरकारने एआयएस-156 व एआयएस-038 ही मानके कडक केली; ती डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाली. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत पेटीला हादरे देऊन, पाण्यात बुडवून, आगीवर धरून पाहतात. पण तिथे जाते ती नमुन्याची पेटी. लिंबायतच्या गल्लीत तीन पावसाळे काढलेली पेटी तिथे कधी जात नाही.

पाण्याचेच घ्या. पेटी पाण्यापासून सुरक्षित आहे असे विक्रेता छातीठोकपणे सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की ती 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे तग धरते. आणि आमचे पाणी? 1968 चा पूर आजोबांनी पाहिला, ऑगस्ट 2006 चा आपण पाहिला. ती वर्षे सोडा. खाडीला पूर आला की पर्वत पाटियाकडचे पाणी अर्ध्या तासात ओसरते काय? रात्रभर पाण्यात उभी राहिलेली गाडी सकाळी पुसून पुन्हा धंद्याला लागते. तिच्या तळाशी वाकून कोण पाहतो?

सरकारने पैसा दिला नाही असे आम्ही म्हणणार नाही. गुजरात सरकारच्या 2021 च्या धोरणात चार वर्षांत दोन लाख विद्युत वाहनांचे लक्ष्य होते, त्यांत 70 हजार तिचाकी. अनुदान होते दर किलोवॅट-तासाला 10 हजार रुपये. म्हणजे बॅटरी जितकी मोठी, तितके पैसे जास्त. ती घट्ट बसली आहे की लटकते आहे, यावर एक रुपयाही अवलंबून नव्हता!

कोणी म्हणेल, गरीब रिक्षावाल्याच्या मागे आणखी एक तपासणी कशाला लावता? त्यांना आमचे उत्तर सी.एन.जी.चे आहे. सी.एन.जी. रिक्षाच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. तेव्हाही कुरकुर झाली होती. आज कोणी म्हणतो काय, की ती चाचणी बंद करा? टाकीला एक न्याय आणि बॅटरीला दुसरा, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पासिंगच्या वेळी विजेच्या प्रत्येक व्यावसायिक गाडीचा तळ पिटवर घेऊन पाहावा, बोल्टांना टॉर्क पाना लावावा आणि तारखेची पट्टी गाडीवर ठोकावी. पेटी बदलणाऱ्या गाळ्यांना परवाना सक्तीचा करावा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांची तपासणी महापालिकेने वस्तीत येऊन मोफत करावी. आणि आय.टी.आय.मध्ये या कामाचा अभ्यासक्रम काढून आपल्या मुलांना त्यात जागा द्याव्यात. पाना हातात धरायला खानदेशचा पोरगा कधी लाजलेला नाही.

मराठी माणूस या शहरात काल आलेला नाही. गिरण्या आणि यंत्रमाग आपल्या घामावर चालले; महापालिकेत, विधानसभेत आपली माणसे निवडून गेली. मते मागायला दारात येतील त्यांना चहा जरूर पाजा, पण आधी विचारा: आमच्या लेकरांच्या पायाखालचा बोल्ट कोण तपासणार? उत्तर लेखी मागा. आणि ते मिळेपर्यंत, बंधूंनो, आपल्या गाडीखाली महिन्यातून एकदा स्वतः वाकून पाहा.