गुडघे, गादी आणि घरचे व्यायामयंत्र

स्मरणिकेत दरवर्षी धान्याचे भाव, कराचे नियम व सरकारी धोरण यांविषयी लेख येतात, आणि ते यावयासच हवेत. आम्ही मात्र यंदा गुडघ्यांविषयी लिहावयाचे योजिले आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु मंडळाच्या सभेतील भारतीय बैठक जाऊन तेथे खुर्च्या कशा आल्या, आणि त्या खुर्च्यांतून उठतानाही निम्मे सभासद दोन्ही हातांचा टेकू कसा घेतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस तो किरकोळ वाटणार नाही.

आपला धंदा बैठा आहे. पूर्वीही गादी होतीच. पण गादीवरून उठून वखारीत जावे लागे, थप्पी मोजावी लागे, बंबी मारून दाणा हातावर घ्यावा लागे, स्टेशनावर माल उतरवून घ्यावयास जावे लागे. खानदेशातून ताप्तीकाठच्या रेल्वेने येणाऱ्या मालामागे जी धावपळ होई तीत व्यायाम आपोआप घडे. आता नमुना दुकानात येतो, भाव खिशातल्या फोनवर येतो, आणि व्यापारी सकाळी ज्या जागी बसतो तेथूनच सायंकाळी उठतो. १९३० साली गांधीजी साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चालत गेले तेव्हा त्यांचे वय साठ वर्षांचे होते, आणि त्या वाटेचा शेवटचा भाग तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातलाच. त्याच मुलखात आज पन्नाशीचा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत स्कूटर काढतो!

हे केवळ आपल्या गावाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेला एक मोठा अभ्यास २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाला. त्यातील हिशेबाप्रमाणे २०२२ साली भारतातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२ आणि स्त्रियांत शेकडा ५७ होते. हा दुसरा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

चालणे हा उत्तम व्यायाम आहे यात वाद नाही. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि ज्यांच्या घराजवळ चालण्याजोगा रस्ता आहे, त्यांनी हा लेख येथेच सोडून सरळ चालावयास जावे. परंतु बारडोलीत पावसाळ्याचे चार महिने चालण्यास प्रतिकूल असतात. रस्त्यावर चिखल, पहाटे अंधार, मोकाट जनावरे. त्यातून ओल्या हिरवळीवरून व शेवाळावरून पाऊल टाकणे आपल्या घरांतील ज्येष्ठ मंडळी टाळतात. त्यामागील जीवदयेची भावना सर्वांस ठाऊक आहे. अशा रीतीने चालण्याची जी सवय फाल्गुनात लागते ती आषाढात मोडते, ती दिवाळीनंतरही सहसा परत येत नाही. शिवाय ज्यांचा गुडघा आधीच झिजला आहे त्यांस, चाला म्हणून सांगणे सोपे आणि चालणे कठीण.

अशा मंडळींसाठी अलीकडे एक यंत्र घरोघर येऊ लागले आहे. दुकानदार त्यास क्रॉस ट्रेनर म्हणतात, परदेशात त्यास एलिप्टिकल म्हणतात. एलिप्स म्हणजे लंबवर्तुळ. यंत्रावर उभे राहून पाय चालविले असता पावले त्या आकारात फिरतात, म्हणून हे नाव. १९९५ साली अमेरिकेतील प्रीकॉर या कंपनीने ते बाजारात आणले. लॅरी मिलर नावाच्या अभियंत्याने मोटारीशेजारी धावणाऱ्या आपल्या मुलीचे चित्रीकरण करून पावलाची वाट कागदावर उतरविली व तीवरून यंत्र रचिले, असे सांगतात. दोन पावठ्या, त्यांना जोडलेले दांडे, आणि आत एक जड चक्र, एवढाच त्याचा संसार. चक्राजवळ लोहचुंबक आणला की ओढ वाढते, दूर नेला की कमी होते.

यात विशेष ते काय? धावताना माणूस क्षणभर अधांतरी असतो आणि मग जमिनीवर उतरतो. त्या वेळी पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाचे गणित मांडले तर एकशेचाळीस ते दोनशेदहा किलो, म्हणजे पन्नास किलोच्या तीन-चार गोण्या, आणि त्याही प्रत्येक पावलाला. या यंत्रावर पाऊल पावठीवरून उचललेच जात नाही; त्यामुळे आदळ नाही. श्वास वाढतो, घाम येतो, मांडीचे व कमरेचे स्नायू काम करतात, हातांचे दांडे ओढले तर खांदेही हलतात, आणि गुडघ्यास धक्का बसत नाही.

काट्याच्या भाषेत आणखी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली दाखविले की, स्थूल व गुडघा झिजलेल्या वयस्क माणसाचे वजन एक किलोने उतरले तर चालताना त्याच्या गुडघ्यावरील भार प्रत्येक पावलागणिक सुमारे चार किलोंनी उतरतो. एकास चार असा भाव आम्ही चाळीस वर्षांच्या धंद्यात पाहिला नाही.

तथापि माल विकणाऱ्याप्रमाणे केवळ गुण सांगणे आमच्या स्वभावात नाही. धक्का बसत नाही हाच या यंत्राचा दोषही आहे. हाडे बळकट राहावयास त्यांवर थोडा आघात लागतो; तो चालण्याने, जिना चढण्याने मिळतो, तेवढा येथे मिळत नाही. म्हणून ज्यास चालता येते त्याने चालणे सोडू नये. गुडघ्याची वाटी दुखत असेल तर ओढ वाढविल्याने ती अधिक दुखण्याचा संभव असतो. पाऊल एकाच जागी राहिल्याने वीस मिनिटांत बोटांना मुंग्या येतात. टाचा किंचित उचलून, जागा बदलून पाहावे. ज्यांस हृदयविकार किंवा धाप आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांस विचारावे, आणि छातीत दुखू लागले तर उतरून बसावे. यंत्राच्या पाटीवर इतक्या कॅलरी जळाल्या असा जो आकडा दिसतो त्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. तो काटा गिऱ्हाइकास खूश ठेवण्यासाठी बहुधा चढाच बोलतो, आणि त्या भरवशावर दोन पेढे अधिक खाल्ले जातात.

विकत घेताना लोक रंग आणि पाटी पाहतात. पाहावयाचे ते निराळेच. प्रथम पावलाचा पल्ला. स्वस्त यंत्रांचा पल्ला बारा-चौदा इंचांचा असतो. त्यावर उंच माणसास चालल्यासारखे न वाटता जागच्या जागी पाय मारल्यासारखे वाटते. अठरा ते वीस इंच असेल तर बरे. दुसरे म्हणजे यंत्र किती किलोचा माणूस सोसते. तिसरी गोष्ट आपल्या जुन्या घरांत फार महत्त्वाची: डोक्यावरची उंची. पावठीवर चढल्यावर माणूस आपल्या उंचीपेक्षा हातभर वर जातो. माळ्याखाली किंवा फिरत्या पंख्याखाली हे यंत्र मांडणे म्हणजे डोके फोडून घेणे होय. आमच्या माहितीच्या एका घरात सुरतेहून यंत्र आले, दोन माणसांनी ते जिन्यावरून चढविले, आणि मग कळले की वरच्या खोलीचे आढे आड येते. ते आता ओट्यावर आहे आणि त्यावर धोतरे वाळतात. चालू यंत्राच्या दांड्यांत नातवंडांची बोटे सापडण्याचे भय असते, हेही विसरू नये.

वापरावे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत श्वास लागला की श्रम मध्यम झाला असे समजावे. प्रारंभी पाच मिनिटेही पुरेत. आपल्यापैकी जे सूर्यास्तानंतर पाणी घेत नाहीत त्यांनी सकाळचीच वेळ धरावी. सायंकाळी घाम गाळून रात्रभर तहानलेले राहणे हिताचे नाही. उपवासाच्या दिवशी यंत्रासही विश्रांती द्यावी. आणि आपण रोजमेळ लिहितोच, तर त्याच्या समासात मिनिटेही लिहावीत. व्यापाऱ्याच्या डोळ्यांस कोरे रकाने सहन होत नाहीत.

येथे जहाजांचा विषय ओघाने येतो. २०२१ साली मुंबईहून कॉर्डेलियाच्या सफरी सुरू झाल्यापासून गोवा व लक्षद्वीपची सागरी सहल आपल्या घरांतही बोलण्याचा विषय झाली आहे. ज्यांची मुले अमेरिकेत वा इंग्लंडात आहेत ती मंडळी तिकडच्या मोठ्या जहाजांवरही जाऊन येतात. परत आल्यावर वर्णन ऐकावे तर ते बहुतेक जेवणाचे असते. जैन भोजन मिळाले याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु चार दिवस आठ-आठ वेळा खाऊन, उद्वाहनाने वरखाली करून माणूस परततो तो दोन किलो जड होऊन, आणि त्या दोन किलोंचे गुडघ्यावर काय होते ते वर सांगितलेच आहे. बहुतेक मोठ्या जहाजांवर व्यायामशाळा असते, तिच्या साध्या वापरास सहसा वेगळे दाम पडत नाही, आणि पहाटे ती रिकामी असते. धावण्याच्या पट्ट्यापेक्षा तेथे हे लंबवर्तुळी यंत्रच बरे, कारण जहाज कलले तरी पावले पावठीवर व हात दांड्यावर असतात. पट्टा मात्र माणसाची वाट न पाहता पुढे सरकत राहतो. व्यायामशाळा पुष्कळदा वरच्या मजल्यावर असते आणि तेथे डोलणे अधिक जाणवते. समुद्र खवळला असेल त्या दिवशी तिकडे फिरकू नये. अनोळखी यंत्रावर चढताना आधी स्थिर दांडा धरावा, खालच्या पावठीवर प्रथम पाय ठेवावा, आणि पावठ्या पुरत्या थांबल्याखेरीज उतरू नये. सफरीपूर्वी महिनाभर घरी सवय झालेली असेल तर जहाजावर नवलाई वाटत नाही. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात मुलाकडे सहा महिने काढणाऱ्या आईवडिलांनाही हेच लागू आहे. तेथील इमारतींच्या तळघरांत अशी यंत्रे पुष्कळदा असतात आणि बाहेर बर्फ असते.

आता त्या शेकडा ५७ कडे येतो. आपल्या घरांत यंत्र येते ते कुणासाठी? शेठजींच्या मधुमेहासाठी, किंवा चिरंजीवांच्या पोटासाठी. ते बैठकीच्या खोलीत मांडले जाते आणि तेथे दिवसभर येणेजाणे असते. घरातील सासू किंवा सून त्या खोलीत पाहुण्यांदेखत त्यावर चढेल, हे संभवत नाही. वास्तविक रजोनिवृत्तीनंतर गुडघ्याची झीज स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक आढळते. आणि मांडी घालून निवडणे-टिपणे, उकिडवे बसून पुसणे, जिन्याने वरखाली करणे हे सारे त्यांच्याच वाट्याचे. घरकामात व्यायाम होतोच असे म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी आपल्या मातोश्री पाटावरून कशा उठतात ते पाहावे. त्यांस कोणी विचारले तर त्या म्हणतात, आता वयच झाले. आमच्या मते हे उत्तर स्वीकारण्यात घरातील पुरुषांची सोय आहे, म्हणून ते इतक्या सहज स्वीकारले जाते.

यासाठी आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक घराने घाईने यंत्र घेण्याआधी मंडळाने आपल्या वाडीत दोन चांगली यंत्रे ठेवावीत. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा आणि दुपारी तीन ते पाच ही वेळ स्त्रियांची राहील. त्या वेळी खोलीचे दार आतून बंद असेल आणि किल्ली महिला शाखेकडे असेल. साडीचा पदर वा ओढणी दांड्यात अडकण्याचा धोका खरा आहे. तेव्हा कोणत्या पोशाखात यावे हे त्यांनीच ठरवावे, त्यावर पुरुषांच्या सभेत चर्चा नको. सकाळी लवकर आणि रात्री पेढ्या बंद झाल्यावर पुरुषांनी यावे. दोन महिने वापरून ज्यास गोडी लागेल त्याने मग खुशाल घरी घ्यावे. ज्यास लागणार नाही त्याचे पैसे आणि खोलीतील जागा वाचेल.

आमच्या हमालांस या यंत्राचे काय काम, असा प्रश्न एका सभासदांनी केला. त्यांचा श्रम पुष्कळ होतो हे खरे. परंतु त्यांचे गुडघे भाराखाली झिजतात, आणि झिजलेला गुडघा बिनभाराचा चालविणे हाच या यंत्राचा मुख्य उपयोग. ज्याने शंभर किलोची पोती वाहिली आणि आता पन्नासच्या गोणीखाली जो लंगडतो, त्यास दुपारच्या सुट्टीत कोणी दहा मिनिटे येऊ दिले तर वाडीचे काही झिजणार नाही.

खर्चाविषयी बोलावयाचे तर अशी यंत्रे काही हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत मिळतात. सार्वजनिक वापरास घरगुती यंत्र टिकत नाही, तेव्हा मजबूत घ्यावे आणि दुरुस्तीस कोण येणार हे लिहून घ्यावे. सुरत येथून सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे, परंतु दुरुस्तीच्या माणसास ते अंतर फार वाटते असा अनुभव आहे. कार्यकारिणीने जेठ महिन्यापूर्वी निर्णय केला तर पावसाळा लागण्याच्या आत यंत्रे येतील. वाडीच्या पहिल्या मजल्यावरील पूर्वेकडच्या खोलीची उंची आम्ही मोजून घेतली आहे. ती पुरेशी आहे. पंखा तेवढा एका बाजूस सरकवावा लागेल.