पीडीएफ उघडताना जुनं रीडर ठरतंय धोक्याचं

आष्टी (ता. परतूर) : सातबारा असो की आधार, आता सगळं पीडीएफमध्येच येतं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. ही सही खरी आहे का, हे तपासायला बहुतेक जण अ‍ॅडोब रीडर वापरतात. पण एकदा टाकलेलं रीडर अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं तसंच चालतं. अडचण इथेच आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅडोबने रीडरमधली एक मोठी त्रुटी दुरुस्त केली. बनावट फाइल नुसती उघडली तरी हल्लेखोराचा प्रोग्राम संगणकात चालू शकत होता. तिचा गैरवापर आधीच झाल्याचं कंपनीनेच सांगितलं. ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांच्याकडे हे भगदाड आजही उघडंच आहे.

गावाकडच्या सेवा केंद्रात धोका जास्त. एकाच संगणकावर दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह लागतात, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फाइली उघडतात. त्याच संगणकात गिऱ्हाइकांचे आधार आणि पासबुक असतात. म्हणजे हलगर्जी केंद्राची, नुकसान शेतकऱ्याचं.

अँटिव्हायरस आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. त्रुटी बुजते ती अपडेटनेच. त्याला पैसे लागत नाहीत. सकाळी गर्दी होण्याआधी रीडरच्या ‘हेल्प’मध्ये ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबावं. सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद आणि ‘प्रोटेक्टेड मोड’ चालू ठेवावा. विंडोज १० चे नियमित मोफत अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत, तेही बघून घ्यावं.

खात्यातून पैसे गेलेच, तर वाट न पाहता १९३० वर फोन करावा.