विश्लेषण : मुळावरची गाठ मित्राची की शत्रूची?

खरिपाच्या पेरणीआधी सोयाबीन, तूर, मुगाच्या बियाण्याला रायझोबियम चोळण्याचा सल्ला दरवर्षी दिला जातो. हे जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. पण त्याच मुळांवर सूत्रकृमीही गाठी करतो आणि तिथेच फसगत होते.

गाठ ओळखायची कशी?

रोप उपटू नये, खणून काढावे. उपटताना चांगल्या गाठी मातीतच राहतात. रायझोबियमची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, बोटाने सहज सुटते. कापल्यावर आतून गुलाबी दिसली तर ती काम करते आहे. सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेले मूळच. ती सुटत नाही. वरून पीक पिवळे, खुरटे दिसते. नत्र कमी पडले असे समजून युरिया टाकला जातो. सूत्रकृमीला त्याने काही होत नाही, उलट जादा नत्रामुळे रायझोबियमच्या गाठी घटतात. खर्च होतो तो वेगळाच.

मित्र जिवाणू सूत्रकृमीला रोखतात का?

काही अंशी. रायझोबियम किंवा मायकोरायझा बुरशी मुळात आधी वसली, तर बऱ्याचदा सूत्रकृमीचे नुकसान कमी होते. सूत्रकृमी आधी शिरला तर तो मुळातले अन्न ओढतो आणि नत्राच्या गाठी कमी धरतात.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. झाड ज्या यंत्रणेने जिवाणूला ओळखून आत घेते, तिचाच काही भाग सूत्रकृमीच्याही कामी येतो. लोटस जॅपोनिकस या शेंगवर्गीय रोपावरचे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवाणूचा संकेत ओळखणारी जनुके निकामी असलेल्या रोपांवर सूत्रकृमीच्या गाठीही कमी आल्या. त्यामुळे ‘जिवाणू खत लावले की सूत्रकृमी गेला’ हा दावा फारच ताणलेला आहे.

मग करायचे काय?

बीजप्रक्रिया सोडू नये. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम, तेही त्या पिकाचेच. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, सावलीत सुकवून लगेच पेरणी. मागच्या हंगामात मुळे फुगलेली दिसली असतील, तर उन्हाळी खोल नांगरट आणि फेरपालटात झेंडू उपयोगी पडतो. सोयाबीनमागोमाग टोमॅटो, वांगी, भेंडी घेतली तर सूत्रकृमीच्या जेवणाची वर्षभर सोय होते. नेहमीच्या माती परीक्षणात मात्र तो मोजला जात नाही; त्यासाठी माती आणि मुळांचा नमुना वेगळा द्यावा लागतो.