ढाली पुरे, उस्ताद द्या

आमच्या शाळेच्या ऑफिसात काचेचं एक कपाट आहे. बैतबाजी, नातख्वानी, तकरीर, चित्रकला अशा स्पर्धांत मिळालेल्या ढाली त्यात दाटीवाटीनं उभ्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या वर्गातल्या मुलांनी आणल्या. त्या मुलांपैकी आज एकही जण लिहीत नाही, की चित्र काढत नाही. मग या ढाली कसल्या? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आहे. आता तुम्हाला विचारते, कारण समाजात साहित्य आणि कला टिकावी म्हणून तळमळीनं बोलणारी माणसं या अंकाचे वाचक आहेत.

मी सोलापूरची. हे गिरण्यांचं शहर होतं. १८७७ साली निघालेली जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू; एकामागून एक सगळ्यांचे भोंगे थांबले. माझे अब्बा साचेखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी लहान होते. अब्बांनी भाड्याची रिक्षा घेतली, अम्मी विड्या वळायला बसली.

गिरणी गेली म्हणजे पगार गेला, हे पुष्कळांनी लिहून झालं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिचा हिशेब कुणी मांडला नाही. अब्बा सांगतात, त्यांच्या खात्यात एक जॉबर होता. पहिली पाळी सुटली की गिरणीसमोरच्या हॉटेलात त्याच्याभोवती चार-सहा पोरं बसायची. तो त्यांच्या शेरांना इस्लाह द्यायचा. हा मिसरा लंगडा आहे, हा काफिया उधारीचा आहे, जा, आठ दिवस विचार कर आणि मग ये. त्याला कुणी मानधन देत नव्हतं, शाल देत नव्हतं. पण वेळ ठरलेली होती, बाक ठरलेलं होतं आणि माणसंही तीच होती. पाळी होती म्हणून पाळीनंतरचा वेळ होता. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्याला आणि रात्री अकरापर्यंत पॅसेंजर शोधणाऱ्याला असा वेळ कुठून मिळणार? गिरणीबरोबर ते हॉटेल उठलं आणि उस्ताद-शागिर्दांची साखळी तिथं तुटली.

बार्शीच्या गिरणीत राबलेला मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाला, तो कुठल्या स्पर्धेत पहिला आला म्हणून नव्हे. आईच्या ओव्या कानावर होत्या, गिरणीच्या संपात तुरुंगवास झाला तिथं विचार देणारी माणसं भेटली, आणि पुढं १९४४च्या सुमारास लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर सोबतीला होते. मुंबईत त्याच दशकात कैफी आझमी मदनपुऱ्याच्या कामगारांत राहून काम करत होते. म्हणजे शायर वस्तीत राहत होता, मुशायऱ्यापुरता येत नव्हता. आणि ही काही बाहेरून आणलेली गोष्ट नाही. शाहीर हा शब्द शायरावरून आला, वस्ताद उस्तादावरून आणि तालीमही आपलीच. मराठीनं हे शब्द घेतले आणि आखाड्यात, फडात, नाटकात अजून वापरले. आपण मात्र शब्द देऊन बसलो आणि रीत विसरलो!

मी त्या हॉटेलाचे गोडवे गात नाही. त्या बाकावर मुलगी कधी बसली नाही, बसूही शकली नसती. माझी अम्मी विड्या वळताना स्वतः जोडलेली गाणी म्हणायची. तिला इस्लाह कुणी दिली? तुटलेली साखळी जशीच्या तशी जोडा, असं म्हणूनच मी म्हणणार नाही.

आता आजचं पाहा. मागं एक संस्था आमच्याकडं एक दिवसाची कार्यशाळा घेऊन आली. रंग दिले, टोप्या दिल्या, फोटो काढले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मुलं महिनाभर विचारत होती, टीचर, वो लोग कब आएंगे? मोहल्ल्यातल्या मोठ्या लोकांचं तर काय सांगावं? बाहेरगावच्या शायरांना पाकिटं देऊन रात्रभर मुशायरा करतात, आणि वस्तीतलं लिहिणारं पोर तिथं सतरंज्या अंथरतं. नुसत्या मांडवाच्या खर्चात एका उस्तादाला वर्षभर घरी जाऊन मानधन देता येईल.

शासनालाही सोडू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असली तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा, असं लिहिलं आहे. माझ्याकडं चित्रकलेचा तास गणिताला जातो. तो घेणारी मीच आहे.

कुणी म्हणतील, शेर लिहून पोट भरतं का? नाही भरत. त्या जॉबरचंही साच्यावरच भरत होतं. कुणी म्हणतील, गाणं-बजावणं आपल्यात कशाला? त्यांच्याच घरचा मुलगा नात म्हणायला कुणापुढं तरी बसून शिकतो. सूर कुठं मोडतो, श्वास कुठं घ्यायचा, हे त्याला माणूसच सांगतो. इक्बालसुद्धा आपल्या सुरुवातीच्या गझला टपालानं दाग देहलवींकडं इस्लाहसाठी पाठवत होते. मग आठवीतल्या पोराला उस्ताद नको असं कसं म्हणता?

असं एक पोर माझ्याकडं होतं. वहीच्या मागच्या पानांवर लिहायचं, अर्धं दखनीत, अर्धं मराठीत. मला ते आवडलं. मी त्याला बैतबाजीच्या संघात घातलं, कारण मला तेवढंच येत होतं. बैतबाजी म्हणजे दुसऱ्याचे शेर पाठ करणं. त्यानं तीनशे पाठ केले, ढाल आणली, आणि स्वतःचं लिहिणं थांबवलं. आज तो टॉवेलच्या कारखान्यात आहे. भेटला की अदबीनं सलाम करतो. वहीचं विचारायची माझी हिंमत होत नाही.

आणि आपण? १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच शहरात झालं. त्यानंतर ठराव झाले, अध्यक्षीय भाषणं छापली गेली, तरुण पिढी लिहीत नाही म्हणून खंतही व्यक्त झाली. ज्या गावी संमेलन भरलं, तिथल्या दोन मुलांच्या वह्या आपल्यापैकी किती जणांनी वर्षभर तपासल्या? मला नावं नकोत, नुसता आकडा सांगा.

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर माझ्या वर्गात हल्ली सहा मुली आणि दोन मुलं थांबतात. मुली थांबतात, कारण जागा शाळा आहे आणि घरचे शाळेला नाही म्हणत नाहीत. उर्दूतलं मी कसंबसं निभावते. पण दोघी मराठीत कविता लिहितात आणि एक जण ओवीच्या चालीवर लिहिते. त्यांतलं काय मोडलं आहे, एवढं मला कळतं. ते कसं सावरायचं, ते सांगता येत नाही. या अंकात लिहिणारे काही जण सोलापुरात राहतात. रिक्षानं वीस मिनिटांचा रस्ता आहे. अब्बा आणून सोडतील, भाडं घेणार नाहीत.