क्लाऊनफिशवर काळे डाग? औषध ओतण्याआधी हे वाचा

‘फाइंडिंग निमो’मुळे घराघरांत पोहोचलेल्या क्लाऊनफिशच्या नारिंगी अंगावर काळे डाग दिसले, की अनेक जण थेट औषधाच्या बाटलीकडे धावतात. ही घाई अख्ख्या टँकला महागात पडू शकते.

डाग का पडतात?
क्लाऊनफिश नव्या सी ॲनिमोनमध्ये किंवा प्रवाळात मुक्काम हलवतो, तेव्हा तिथल्या दंशपेशी त्याच्या त्वचेला डसतात. त्या जागी मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य वाढतं. मासा नीट खात-पोहत असेल, तर असे डाग बहुधा काही आठवड्यांत आपोआप फिके होतात.

धोका कधी?
पांढरे ठिपके, अंगावर चिकट थर, धाप लागणं, खाणं बंद होणं ही परजीवींची लक्षणं असू शकतात. ब्रुकलिनेलासारखा परजीवी काही दिवसांतच मासा मारतो. तेव्हा मात्र थांबू नका. मासा वेगळ्या टँकमध्ये हलवून जाणकाराच्या सल्ल्यानेच उपचार करा.

रीफ टँकमध्ये औषध का नको?
परजीवींवरच्या अनेक औषधांत तांबं असतं. त्याने प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी मरतात.

म्हणून डाग दिसल्यावर रोज एक फोटो काढा, पाण्यातला अमोनिया तपासा. एका डागापायी वर्षानुवर्षं वाढवलेला रीफ पणाला लावू नका.